माळ्यावरची दहा गिअरची सायकल घाटात न्यायची तर

फोन बहुतेक रविवारी सकाळी येतो. "दादा, काकांच्या माळ्यावर जुनी रेसर सापडलीये, वाकड्या हँडलची. रंग कुठे देऊ?" मी विचारतो, सीटखालचा पाइप फिरतो का? पलीकडे शांतता.

जुन्या स्टीलच्या रोड सायकलीला हात घालणारा जवळजवळ प्रत्येक जण रंगापासून सुरुवात करतो आणि ब्रेकपर्यंत येईतो त्याचे पैसे संपतात. माझंही तेच झालं असतं. माझ्याकडे आली ती मावशीच्या यजमानांनी १९७९ साली इंग्लंडहून परतताना सामानाबरोबर आणलेली रॅले, ब्रिटिश कंपनीची सायकल. पुढे दोन चेनव्हील, मागे पाच दातऱ्या, म्हणून 'दहा गिअर'. बावीस वर्षं ती पेठेतल्या वाड्यात जिन्याखाली उभी होती. तिच्यावर रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या, पातळ पोलादी नळीचा स्टिकर नाही. ही नळी १९३५ सालापासूनची, आणि तो स्टिकर बघितला की जाणकारांचे डोळे चमकतात. माझी नळी साधी, जाड, आणि सायकलचं वजन तेरा किलोच्या पुढे. तरीही पुण्याजवळचा बोपदेव घाट मी आता बसून चढतो, आणि उतरताना हात सुन्न होत नाहीत.

हे कसं झालं ते क्रमाने सांगतो. खर्चाचा क्रम आधीच सांगून ठेवतो: टायर, ब्रेक, गिअर, बैठक. रंग त्यात नाही. आणि पहिली खरेदी सायकलची नव्हे, व्हर्निअर कॅलिपरची. जुन्या सायकलीत पैसा वाया जातो तो चुकीच्या मापाचे सुटे भाग मागवून.

घ्यावी की सोडावी

विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या. पुढचा चिमटा ज्या आखूड उभ्या नळीत बसतो, तिच्या मागे वरची आणि तिरपी अशा दोन नळ्या येऊन मिळतात. त्या सांध्यापासून दोन-तीन इंचांवर खालच्या अंगाने बोट फिरवा. फुगवटा लागला, किंवा तिथे रंगाला सुरकुती दिसली, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. सोडून द्या. मग बाजूला उभं राहून चिमटा बघा. त्याचा वरचा सरळ भाग त्या उभ्या नळीच्या रेषेतच हवा, बाक फक्त खाली. आख्खा चिमटाच मागे गेलेला दिसला तर तोही त्याच धडकेचा पुरावा.

गंजाला एवढं घाबरू नका. हाताला तांबूस पूड लागते तो गंज पुसला जातो. पापुद्रे सुटतात तो वाईट. सायकल उलटी करून पायडलच्या आसाचं नळकांडं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, कारण फ्रेममधलं पाणी शेवटी तिथेच साठतं.

आता सीटचा पाइप आणि हँडलचा दांडा, म्हणजे स्टेम. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनिअमचा पाइप वर्षानुवर्षं दमटात राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरतात. कोकणातून आलेल्या सायकलीत तर हमखास. सीटचा बोल्ट सैल करून सीट धरून पिळा. हलली तर बरं. स्टेमच्या बाबतीत नवखे एक चूक करतात: वरचा बोल्ट पूर्ण काढतात आणि ओढत बसतात. बोल्ट दोन-तीन फेरेच सैल करा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. आतली पाचर खाली पडते आणि मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवलं की दांडा सुटतो. दोन्हींपैकी काही हलत नसेल तर सायकल वाईट नाही, पण किंमत खाली यायला हवी. माझा सीट पाइप आठ दिवसांनी सुटला. रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल, सायकल उलटी टांगून खालूनही तेल, आणि धीर. आठव्या दिवशी 'कर्र' असा आवाज आला तेव्हा शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

सायकल तुमच्या मापाची आहे का, हेही बघा. दोन्ही पाय जमिनीवर टेकून वरच्या नळीवर उभं राहता आलं पाहिजे. फार मोठी फ्रेम कुठल्याही सुट्या भागाने लहान होत नाही.

खोलायची, मोजायची, लिहायची

वही घ्या. सीट पाइपचा व्यास दशांशापर्यंत मोजा. चांगल्या, पातळ नळीच्या फ्रेममध्ये तो बहुधा २७.२ मिलिमीटर असतो, साध्या फ्रेममध्ये त्याहून कमी, आणि ०.२ मिलिमीटरचा फरकही चालत नाही. स्टेमचा जो भाग आत जातो तो २२.२ हवा. हँडल जिथे पकडलं जातं तिथला व्यास माझ्या सायकलवर २५.४ निघाला, काही इटालियन हँडलांवर २६.४ असतो, आणि आजच्या सायकलींवर ३१.८. म्हणजे आजचं हँडल जुन्या स्टेममध्ये बसणार नाही. मागच्या चिमट्याच्या आतल्या तोंडातलं अंतर मोजा. पाच दातऱ्यांच्या काळात ते १२० मिलिमीटर असे, सहा-सात दातऱ्यांना १२६, आणि पुढे आठपासून १३०. पुढच्या चिमट्याचंही मोजा. आजच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याला, १०० लागतात, माझ्या चिमट्यात त्याहून कमी होते.

सगळ्यात जास्त दगा देतात ते पायडलच्या आसाच्या कपांचे, म्हणजे छर्रे बसतात त्या वाट्यांचे, आटे. ब्रिटिश पद्धतीत नळकांडं ६८ मिलिमीटर रुंद असतं, आणि उजवीकडच्या, म्हणजे चेनकडच्या, कपाला उलटे आटे असतात. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन फ्रेममध्ये रुंदी ७० आणि दोन्हीकडे सरळ आटे. सत्तरच्या दशकातल्या फ्रेंच सायकलीत बहुधा दोन्हीकडे सरळच आटे, पण माप वेगळं. नीट न बघता जोर लावला की एक तर कप आणखी आवळला जातो किंवा आटे मरतात. आणि रॅलेची आणखी एक खोड: नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या साध्या मॉडेलांवर आटे इंचाला २४ ऐवजी २६, आणि नळकांडंही ६८ पेक्षा रुंद. नवा कप दोन फेरे छान जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावू नका. मी पाना उचलला होता, पण व्हर्निअर लावून ७१ दिसल्यावर खाली ठेवला.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, हे बहुतेकांना माहीत असतं आणि ऐनवेळी बहुतेक जण विसरतात.

छर्रे

हा भाग स्वस्त आहे आणि तो घरी करावा. चाळीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं. रॉकेलमध्ये धुवा, कप आणि कोन (आसावर चढणारे शंकूसारखे नट) उजेडात धरून बघा. नखाला खड्डा लागला तर तो भाग बदला. छर्रे मात्र सगळेच नवे घाला, पैसे फार लागत नाहीत. जुन्या ब्रिटिश सायकलीत पायडलच्या आसाला दोन्हीकडे अकरा-अकरा पाव इंची, मागच्या हबमध्येही पाव इंचीच, पुढच्या हबमध्ये बहुधा दीड सुती, म्हणजे ३/१६ इंची. खोलताना मोजून डबीत ठेवा आणि नमुना दुकानात घेऊन जा. कोन आवळताना आस बोटांत धरून फिरवा: खरखर लागली तर जास्त आवळलाय, खुळखुळला तर कमी. या दोन्हींच्या मधली जागा बोटांनाच कळते, तिसऱ्या प्रयत्नात.

चाकं आणि टायर: इथे हात आखडू नका

आराम स्टीलमुळे मिळतो असं लोक म्हणतात. थोडा मिळतही असेल. पण रस्त्यातल्या खड्ड्याचा दणका आधी टायर खातो, मग उरलासुरला फ्रेमकडे येतो.

माझ्या सायकलला सत्तावीस-सव्वाची चाकं होती, क्रोम केलेल्या स्टीलच्या रिमची. त्या मापाचे टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि मापांचा घोळ इतका की दुकानदाराशी बोलताना डोकं फिरतं. खरं माप असतं ते टायरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, रिमवर जिथे टायर बसतो तो व्यास. सत्तावीस-सव्वाचा तो ६३० मिलिमीटर. आपल्या दूधवाल्याच्या, काळ्या घोड्यासारख्या सायकलीचा अठ्ठावीस-दीड म्हणजे ६३५. आणि आजच्या हायब्रिड-रोड सायकलींचं ७०० सी म्हणजे ६२२, ज्याला कित्येक दुकानात 'अठ्ठावीस'च म्हणतात. म्हणजे हा 'अठ्ठावीस' सत्तावीसपेक्षा लहान, आणि तो अठ्ठावीस सत्तावीसपेक्षा मोठा. तेव्हा इंच बोलू नका. "सहाशे बावीस" म्हणा आणि टायरवरचा आकडा दाखवा.

मी ७०० सी घेतलं, ॲल्युमिनिअमच्या रिमचं, ३६ आऱ्यांचं. त्याचे दोन फायदे. एक, हायब्रिडचे ३२ आणि ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर गावोगावी मिळतात. दोन, रिम त्रिज्येत चार मिलिमीटर लहान झाल्याने चिमट्यात तेवढी जागा वाढते आणि रुंद टायर बसतो. आधी मोजा: टायर आणि चिमटा यांच्यात सगळीकडून चार-पाच मिलिमीटर मोकळे हवेत, मडगार्ड लावायचा तर आणखी. माझ्या फ्रेममध्ये ३२ आरामात बसला. पस्तीसचा मागे ब्रेकखाली घासला.

हवा किती? वरच्या मर्यादेपर्यंत ठासून भरू नका. मी सत्तर किलोचा माणूस, ३२ च्या टायरमध्ये पुढे ५० आणि मागे ६० पीएसआय ठेवतो. पंक्चरच्या दुकानात 'टाइट' भरून देतात, तो त्यांचा प्रेमळपणा. घरचा पंप काटेवाला असू द्या.

नव्या रिमचं वॉल्वचं भोक बघून ट्यूब घ्या. बारीक भोकात मोटरसायकलसारखा जाड वॉल्व जात नाही. आणि जुन्या ब्रिटिश चिमट्यांच्या खाचा अरुंद असतात, नव्या हबचा आस जाडा असतो. मला कानशीने दोन्ही खाचा किंचित, आणि सारख्याच, घासाव्या लागल्या. एक बाजू जास्त घासली की चाक कायमचं तिरकं.

मागचा चिमटा पसरवणं

आठ दातऱ्यांच्या हबला १३० मिलिमीटर हवेत, फ्रेममध्ये १२०. स्टील वाकवता येतं आणि वाकवलेलं राहतं, हीच या सायकलींची खरी ताकद. ॲल्युमिनिअम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हे कधीच करू नका. तिथे वाकत नाही, तुटतं.

मी हे काम एका दुकानात दिलं. मेकॅनिकने मध्ये जॅक लावला, दोन पिळे मारले, टेप लावून दाखवली: एकशे तीस. "झालं साहेब." घरी येऊन दोरा लावला. मागच्या एका खाचेला दोरा बांधायचा, तो पुढे नेऊन हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधायचा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर सारखं भरलं पाहिजे. माझं डावीकडे अडीच मिलिमीटर जास्त. जॅकला काय, जी बाजू नरम तीच जास्त सरकणार. उजवा दांडा बराचसा जागेवरच होता, डावा बिचारा एकटाच पसरला होता.

म्हणून एकेक बाजू वेगळी करायची. फ्रेम सतरंजीवर आडवी, लांब जाड फळी घेऊन ती सीटच्या नळीला टेकवायची (मध्ये जुनी चादर), आणि एकाच दांड्याच्या टोकाशी तरफेसारखा दाब द्यायचा. थोडं दाबा, सोडा, मोजा. स्टील बरंचसं परत येतं, पहिल्या चार वेळा तर काहीच झालं नाही असं वाटतं. पाचव्या वेळी एक मिलिमीटर मिळतो. प्रत्येक दाबानंतर दोरा. माझी आख्खी दुपार गेली, पण दोन्हीकडे सारखं आलं. शेवटी खाचांची तोंडं एकमेकांना समांतर आहेत ना, हे बघा. नसतील तर हबचा आस वाकून पुढेमागे तुटतो. तेवढं काम मात्र ज्याच्याकडे त्याचं हत्यार आहे अशाकडूनच करून घ्या.

एवढा खटाटोप नको असेल तर १२६ वर थांबा आणि आट्यांवर चढणारं सात दातऱ्यांचं फ्रीव्हील घ्या, स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींमुळे ते सगळीकडे मिळतं. फक्त त्या रचनेत उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि आसाचं टोक आधाराविना पडतं. वजनदार माणसाचा आस वाकतो. कॅसेटवाल्या हबमध्ये, म्हणजे जिथे दातऱ्यांचा गठ्ठा हबवर नुसता सरकवून बसवतात तिथे, छर्रे पार टोकाला असतात. मी त्यासाठीच १३० केलं.

ब्रेक

पावसात क्रोमच्या रिमवर रबर नुसतं घसरतं. दिवे घाटाच्या उतारावर एकदा मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे जात होतो. सायकल थांबली ती पाय घासून. ॲल्युमिनिअमच्या रिमने अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेला अर्धा ब्रेकचा. चिमट्यातल्या ब्रेकच्या बोल्टच्या मधापासून रिमच्या घासणाऱ्या पट्ट्याच्या मधापर्यंत उभं मोजा, आणि चाक ७०० सी करणार असाल तर त्यात चार मिलिमीटर मिळवा. याला रीच म्हणतात. माझं पुढे ६१ आणि मागे ६५ भरलं. आजच्या रेसिंग सायकलींचे ब्रेक ३९ ते ४९ चे असतात, ते इथे रिमपर्यंत पोचतच नाहीत. ५५ ते ७३ रीचचे, दोन खिळ्यांवर फिरणारे ब्रेक मिळतात, ते घ्या. मागवताना 'नटवाले' मागवा. नव्या पद्धतीचे ब्रेक आत बुडणाऱ्या नटाने बसतात आणि जुन्या चिमट्याच्या मागच्या बाजूला त्यासाठी भोक मोठं करावं लागतं.

जुन्या दहा-गिअरींवर ब्रेकच्या दांड्याला आडवी दुसरी पट्टी असते, सरळ बसूनही दाबता यावी म्हणून. ती काढून टाका. तिने ब्रेक अर्धाच लागतो. दांडे रबरी टोपीवाले नवे घ्या. तळहात दिवसभर त्या टोप्यांवरच असतो. आतली वायर आणि बाहेरचं आवरण दोन्ही नवं. सरळ हँडल लावायचा विचार असेल तर दांडे याच ब्रेकसाठीचे, म्हणजे कमी वायर ओढणारे घ्या. व्ही-ब्रेकचे दांडे जास्त वायर ओढतात आणि इथे दाबताना दगडासारखे लागतात, पकड मात्र कमी.

गिअर

इथे थोडा हिशेब करू, कारण घाटाचा सगळा प्रश्न त्यातच आहे.

माझा सगळ्यात हलका जुना गिअर होता पुढे ४० दाती, मागे २४. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जाते साधारण ३.६ मीटर. मिनिटाला साठ फेरे ही चढावरची तशी संथच चाल, पण त्या गिअरमध्ये ती राखायची तर वेग हवा तासाला १३ किलोमीटर. बोपदेवच्या वळणांवर तो माझ्या बापजन्मात निघाला नसता. मग फेरे चाळीसवर येतात, माणूस उभा राहून पायडल तुडवतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे सांगतात.

आता पुढे २८, मागे ३२. एका फेऱ्यात १.९ मीटरच्या आसपास. तेच साठ फेरे, वेग तासाला पावणेसात किलोमीटर. शेजारून पळणारा मुलगा पुढे जातो, जाऊ दे.

यासाठी हायब्रिडवरचा ४८-३८-२८ चा तिहेरी क्रँक (पायडलचे दांडे आणि त्यांच्याबरोबरची तीन चेनव्हील) आणि मागे ११ ते ३२ ची आठ दातऱ्यांची कॅसेट घेतली. महागडं काही नाही, दोन्ही आपल्याकडे सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातरीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचाच हवा, नाहीतर हलक्या गिअरमध्ये चेन लोंबते. माझ्या फ्रेमला डिरेलर अडकवायचा कान नव्हता. साध्या दहा-गिअरींना तो नसतोच, तिथे आसाला आवळायचा एक पत्र्याचा पंजा असतो. पंजासकट येणारा साधा डिरेलर मिळतो, तो घेतला. पुढच्या डिरेलरचा पट्टा सीटच्या नळीच्या व्यासाचा हवा. बहुतेक ब्रिटिश फ्रेममध्ये तो २८.६ असतो.

जुना क्रँक कॉटरचा, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने आसाला धरलेला, असेल तर काढायची रीत आहे. नट सैल करून कॉटरच्या टोकाशी सपाट आणा, म्हणजे आटे मरणार नाहीत. क्रँकखाली, कॉटरच्या बाजूलाच, लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा. मग जड हातोडीचा एकच कडक घाव. दहा हलके ठोके मारलेत तर कॉटर चेपून फुगतो आणि सगळा मार छर्ऱ्यांना बसतो. कॉटर मिळवायची चिंता नाही, आपल्याकडच्या साध्या सायकलींमुळे तो कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. त्यामुळे क्रँक बदलायचे पैसे आत्ता नसतील तर नवा कॉटर घालून तसंच चालवा आणि आधी मागे मोठी दातरी लावा, पण बसवलेल्या डिरेलरला ती पेलते का हे बघून.

नव्या क्रँकला चौकोनी टोकाचा आस लागतो. माझे २६ आट्यांचे कप धड होते, म्हणून ते तसेच ठेवले. जुन्या आसावर छर्रे जिथे फिरतात त्या दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजलं आणि तेवढ्याच अंतराचा, चौकोनी टोकांचा आस शोधला. सापडायला तीन आठवडे लागले. कपच खराब असतील तर आटे न वापरता आतून आवळून बसणारे संच मिळतात.

गिअरचे दांडे मात्र मी जुनेच ठेवले, तिरप्या नळीवरचे, 'टक' न वाजणारे. जपानच्या शिमानो कंपनीने टकटक वाजून नेमक्या जागी थांबणारी रचना रोड सायकलवर १९८४ साली आणली आणि ब्रेकच्या दांड्यातच गिअर १९९० च्या सुमारास. त्याआधीचे दांडे नुसत्या घर्षणावर चालतात. त्यांना मागे पाच दातऱ्या आहेत की आठ, याच्याशी देणंघेणं नाही. दोन दिवस चाचपडाल, मग हात आपोआप जातो. हा वाचलेला पैसा टायरात घाला.

बैठक

जुन्या सायकलींवर हँडल सीटपेक्षा बरंच खाली असे. आपण शर्यत मारणार नाही. उंच दांड्याचं, आखूड पुढे येणारं स्टेम घ्या आणि हँडलचा वरचा भाग सीटच्या पातळीला आणा. दांड्यावर कमीत कमी किती आत हवं याची रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसली तर स्टेम एखाद्या दिवशी खड्ड्यात हातात येईल. बसवताना दांड्याला आणि सीट पाइपला ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या माणसाला आठ दिवस तेल घालत बसावं लागणार नाही.

सीटची उंची: पायडल सर्वात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. खुर्चीसारखी गुबगुबीत सीट पहिल्या पाच किलोमीटरला छान वाटते, तिसाव्याला मांड्या घासते.

बाकीचं

मडगार्ड लावा, पावसाळा येतोच. क्रोमवरचे गंजाचे ठिपके स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की जातात. नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवून, निथळवून, दोन-तीन दिवस वाळू द्या. त्याची पातळ साय धरते आणि आतला गंज थांबतो. रंगाला मी हात लावला नाही. वरच्या नळीवर जिथे मावशीच्या यजमानांनी साखळी बांधून बांधून रंग घालवला होता, तिथे नुसतं मेण लावलं.

माझे सगळे मिळून साडेसतरा हजार गेले. त्यातले जवळपास निम्मे चाकं आणि टायरांत.

पहिला घाट

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. घराभोवती दहा किलोमीटर, ब्रेक सपाटीवर दाबून बघा, प्रत्येक गिअर टाकून बघा, चेन आतल्या बाजूला आऱ्यांत पडत नाही ना ते डिरेलरचा स्क्रू फिरवून नक्की करा. नव्या वायरी ताणतात, पहिल्या आठवड्यात दोनदा आवळाव्या लागतात. नव्या चाकांच्या आऱ्याही बसतात. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून घ्या.

आणि चौकोनी आसावरचे क्रँकचे बोल्ट. ते पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचेच, कारण ॲल्युमिनिअमचा क्रँक आसावर चढत चढत बसतो. सैल राहिला तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँक भंगारात जातो. पाना खिशात ठेवा. मी कोंढव्यातून बोपदेव चढून सासवडला मिसळ खायला थांबलो, सायकल भिंतीला टेकवली आणि दिवे घाटाने खाली यायच्या आधी पाना लावला. उजवा बोल्ट हललाही नाही. डावा पाव फेरा आत गेला.